सोनीच्या खांद्याएवढा गुलमोहर

हसाचं असन तं आधीच हसून घ्या, मंग सांगतो. मधात कोनी दात काढले तं मी चहा सोडून उठन.

आमच्या सोनीचं लग्न झालं, पोरगी गेली तिकडं नाशकाले. जाताना माह्या हातात गुलमोहराची एक शेंग देल्ली. शाळेत असताना ह्याच शेंगाची तलवार करून पोट्ट्याइले झोडपे ती. माह्यावरच गेलेली! म्हने, "बाबा, अंगनात लावा. झाड माह्या खांद्याएवढं झालं की मले बोलवा."

बस. मले तेवढंच पाह्यजे होतं.

बायको म्हने, बी दगडावानी हाये, आधी गरम पान्यात भिजू द्या. मी भडकलो. उभी जिंदगी तूर पेरली मी, आन आता बियाले आंघोळ घालू? तसंच खड्ड्यात टाकलं. वरून शेजारच्या नामदेवच्या बकऱ्याइचं घमेलंभर लेंडीखत देल्लं. सोनीचं झाड हाये, कमी काऊन करा?

पावसाळ्यात कोंब आला. बारीक बारीक पानं, हुबेहूब गुलमोहर! सोनीले फोनवर सांगतलं, घोट्याएवढा झाला. मंग गुडघ्याएवढा झाला. सकाळी तोंड धुवाच्या आधी मी झाड पाहो. संध्याकाळचा चहाबी त्याच्यापाशीच.

मंग त्याले काटे आले.

आता तुमी म्हनान, शेतकरी मानूस, तुले समजलं नाई का बे? अहो, समजून घ्याचं असतं तं समजलं असतं! मी म्हनलं, दुधाचे दात असतीन, पडतीन. नामदेवची बकरी त्या झाडावर तुटून पडे. मी काठी घेऊन बकरीमांग, नामदेव माह्यामांग. आमचं बोलनं बंद झालं.

शेवटी झाड खांद्याले लागलं. सोनीले बोलवलं. आली. पिशवी हातातच, तशीच झाडापाशी गेली, फांदी धरली आन बोट चोखत उभी राह्यली.

"बाबा, हे तं बाभूळ हाये."

मी तोंड उघडाच्या आधी कुंपनापलीकडून नामदेव बोलला, "ते माह्या बकरीनं लावलं, पोरी. शेंगा खाल्ल्या, लेंडीतून बी पडलं. तुह्या बापानं नुस्तं पानी घातलं."

मी बायकोवर फिरलो. "तुले मालूम होतं?"

"काटे आले तवाच."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी त्याच्यापाशी बसून चहा पेत होते."

आता भांडाव कोनाशी? सोनी हसता हसता रडाले लागली, का रडता रडता हसाले, मले काई उमगलं नाई. म्हने, "बाबा, नुस्तं ये म्हनले असते तं तवाच आली असती. झाड कायले पाह्यजे?"

घ्या! गावभर ओरडनारं माहं तोंड, आन एवढा एक शब्द त्यातून निंघाला नाई. त्याच्यापायी बाभळीले बादल्या ओतल्या. बाभळीले!

पन मी एकदा शिकलो का शिकलो. परत जाताना सोनीले फाट्यावर एस्टीत बसवलं, पाठ फिरवली आन लगेच फोन लावला.

"सोने, कवा येतं?"

"बाबा, मांगं पाहा," ती म्हने. "गाडी अजून हलली नाई."