कुंकवाचं बोट आणि जळालेला बोर्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे—कारण उद्या हे माहेरी सांगायचं आहे, आणि एकदा लिहिलं की मला मागे फिरता येत नाही.

गंगापूर रोडच्या पुढे आमची फुलशेती. घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. त्याचा अभिमान होता, अजून आहे. शेवटच्या वर्षी मला वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घेऊन दिलेल्या डेस्कटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड बसवायचं होतं. डबा उघडला तर आतलं सगळं त्या कंपनीचं स्वतःचं—मदरबोर्डचा आकार वेगळा, त्याला वीज देणारा प्लगही वेगळा. कार्डाला जास्त वीज हवी, पण बाजारातला जास्त ताकदीचा पॉवर सप्लाय त्या बोर्डाला लागेना. दुकानदार म्हणाला, ताई, हा बोर्ड बाहेरचं काही घेत नाही, नाद सोडा.

नाद सोडा? मला?

जुन्या सप्लायचा प्लग मी कापला आणि नव्याच्या वायरींना जोडला. पिवळीला पिवळी, काळीला काळी. कंपनीने रंग आपल्या मर्जीने लावले असतील, हे मनात आलं नाही का? आलं होतं. मीटर लावून बघायला पाच मिनिटं लागली असती. बटण दाबलं—चट् आवाज, जळका वास. बोर्ड गेला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळीच आईने विळे-खुरप्यांसोबत डेस्कटॉपलाही हळदकुंकू लावलं होतं. डब्याच्या मागच्या पंख्याच्या जाळीवर तिचं बोट उमटलेलं. दुपारी जेवायला सगळे जमले, काय झालं म्हणून विचारू लागले, आणि मी—मी त्या जाळीकडे बघितलं.

"आई, कुंकू गेलं आत. कळत नाही तर हात कशाला लावायचा?"

काका म्हणाले, वहिनी, माझ्या गाडीला नका पुजू हां, ती पण बंद पडायची. सगळे हसले. मीसुद्धा.

त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून विहिरीच्या मोटारीची पूजा काकू करते. मी दिलेला मोबाइल वाजला की आई काकूला हाक मारते. "माझा हात नको लागाया, बंद पडंल," म्हणते—सहज, भाजी निवडता निवडता.

यंदा तो डबा मी माळ्यावरून काढला. एकेक वायर मीटरने मोजली, कागदावर मांडली. त्याच मॉडेलचा जुना बोर्ड शोधला, त्याच कंपनीचा मोठा सप्लाय, नवी मेमरी. चालू झाला. आणि लगेच वाटलं—चालू झालाय ना, मग आता कशाला बोलायचं? बघा, अजून अशीच आहे मी.

जळालेला बोर्ड पिशवीत घेतला आहे. प्लगच्या जागी काळा डाग आहे, कुंकवाचा कणही नाही. उद्या खंडेनवमी, सगळे असतील. आईचं नाव सगळ्यांसमोर घेतलं होतं, माझंही सगळ्यांसमोरच घेणार. पुढे ती कशाला हात लावेल, न लावेल, माझ्याशी बोलेल, न बोलेल—ते तिचं.

नंतर कळलं, असं मी म्हणणार नाही. आईला ते वाक्य बोलत होते तेव्हाच मला माहीत होतं.