चंद्राची साक्ष

चिंचवडात माझं शिलाईचं दुकान, शेजारी उस्मानचं सायकलचं. मधल्या बाकावर रोज संध्याकाळी इस्लामचं पुढं काय होणार याचा निकाल लागायचा. त्यामुळं माझ्याकडं चिंध्यांपेक्षा किस्सेच जास्त साठले, राव!

उस्मान सुधारणावाला. त्याचे वडील करीमचाचा जुन्या वळणाचे. मी दोघांनाही 'बरोबर' म्हणायचो, कारण दोघांचे पायजमे मलाच शिवायचे होते. खरा वाद होता उस्मानच्या लेकीचा, जुबेदाचा. पोरगी सातवी पास झालेली, तिला पुण्याच्या हायस्कुलात जायचं होतं. चाचा म्हणायचे, "ईद होऊ दे, मग बघू." पोरीचा जीव नुसता टांगणीला!

*

एकदा मशिदीत लाउडस्पीकर लावायची गोष्ट निघाली. चाचा भडकले. "मशिनीचा आवाज माणसाचा न्हाई!"

"मग चष्म्याची नजर तुमची हाय का, अब्बा?"

चाचांनी रागानं चष्मा खिशात टाकला, ताडताड घरी निघाले, ते थेट शेजारच्या गावड्यांच्या स्वयंपाकघरात शिरले आणि "वाढ" म्हणाले. गावडेकाकूंनी ताट वाढलं.

*

फोटो काढणं म्हणजे गुनाह, असं चाचांचं मत. पण हजच्या कागदांना फोटो लागतो! गेले स्टुडिओत. फोटो धुऊन आला, तर डोळे गच्च मिटलेले.

"म्या बघितलंच न्हाई, तर मला काय ठावं कुणी काढला?"

हापिसानं तो फोटो परत पाठवला.

*

उस्मानही काही कमी नव्हता. बायकांना कसं दाबून ठेवलंय, तलाकचा कायदा कसा बदलला पाहिजे, यावर तासभर बोलला आणि मागं वळून ओरडला, "आमिना, चहा! किती वेळ?"

पडद्याआडून वहिनी म्हणाल्या, "इस्लामचं भविष्य ठरलं की टाकते!"

त्या दिवशी चहा उस्माननंच केला. साखर विसरला.

*

मग आली चाँदरातीची संध्याकाळ, चंद्र दिसला की दुसऱ्या दिवशी ईद. आभाळ भरलेलं. उस्मानच्या रेडिओनं सांगितलं, दिल्लीत चंद्र दिसला.

"रेडिओनं कधी रोजा धरलाय?" चाचा गरजले. "हितं डोळ्यांनी बघितलेले साक्षीदार पायजेत. दोन मर्द, न्हाईतर एक मर्द आन् दोन बायका!"

आम्ही सगळे माळवदावर चढलो. ढग जरा फाटला आणि मला दिसला! मी रोजे धरणारा, माझी साक्ष पास झाली. उस्मानलाही दिसला.

"रोजे बुडवणाऱ्याची साक्ष चालत न्हाई," चाचांनी त्याला उडवून लावलं.

"मलापण दिसला, बडे अब्बा," जुबेदा म्हणाली.

"बाईची साक्ष अर्धी."

"मी दोनदा बघितला."

हसायची कुणाची टाप नव्हती. चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"उद्या ईद," ते म्हणाले. "आन् उस्मान, पोरीचा पुण्याच्या गाडीचा पास काढ. फोटो लागला, तर डोळे उघडे ठेव म्हणावं!"