टेकडीची माती

रस्ते बांधणाऱ्या खात्यात मामांनी एकतीस वर्षं जमीन मोजली. कुठे किती खोदायचं आणि निघालेल्या मातीचा भराव कुठे घालायचा, हे ठरवणं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी घराची फरशी मोजली, बाथरूमचा उतार उलटा आहे असं जाहीर केलं आणि दुरुस्तीला हात घातला. मामी पंधरा दिवस शेजारी जाऊन अंघोळ करत होत्या. सोळाव्या दिवशी त्यांनी भाचीला फोन केला, की तुझ्या मामाला कुठेतरी कामाला लाव, नाहीतर मी माहेरी निघून जाते. मामी छप्पन्न वर्षांच्या होत्या आणि माहेरी कोणी उरलं नव्हतं. म्हणून भाचीने ते मनावर घेतलं.

भाची कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. तिथे गेममधली जमीन घडवायला माणूस हवा होता. तिने साहेबांकडे शब्द टाकला. तीन महिने बघू, जमलं तर ठेवू, असं ठरलं. एकीचे मामा म्हणून आठवडाभरात ते अख्ख्या ऑफिसचे मामा झाले, साहेबांचेसुद्धा.

पडद्यावर सपाट जमीन असते. माऊसने गोल ब्रश फिरवला की ती वर येते, शिफ्ट दाबून फिरवला की खाली जाते. मामांचा हात दोन दिवसांत बसला. त्यांच्या टेकड्या बघायला लोक खुर्च्या सरकवून येऊ लागले. उतार असा, की वरून ओतलेलं पाणी कुठे जाईल हे कुणीही बोट ठेवून सांगावं.

तिसऱ्या महिन्यात मामांची लेव्हल, म्हणजे गेमचा एक टप्पा, तपासणीला गेली. खेळून चुका शोधणारी मुलगी तासाभरात अकरा वेळा खड्ड्यात पडली. प्रत्येक टेकडीजवळ एक खड्डा होता. चौकोनी, कडा नीट तासलेल्या.

साहेब स्वतः मामांच्या टेबलापाशी आले.

"मामा, हे खड्डे कसले?"

"टेकडीची माती तिथून काढली."

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढून घेतली. "इथे माती कुठून काढावी लागत नाही, मामा. आपोआप येते."

मामांनी मान डोलावली. आपोआप आलेली माती त्यांनी नोकरीत एकदाच पाहिली होती. ती दरड होती, आणि तिची चौकशी दोन वर्षं चालली होती.

शुक्रवारपर्यंत खड्डे गेले नाहीत तर मामांना ठेवणं अवघड आहे, असं साहेबांनी भाचीला बाजूला घेऊन सांगितलं. ऑफिसात ती मामांना अहो-जाहो करायची. त्या दिवशी विसरली. "मामा, माझं नाक कापू नकोस," एवढंच म्हणाली.

मामांनी एक खड्डा बुजवून पाहिला. ब्रश फिरवला, जमीन वर आली, आणि कुठूनही काही कमी झालं नाही. दुसऱ्याची खोटी सही ठोकल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी बटणं दाबून खड्डा परत आणला आणि डबा खायला गेले. टेकड्या उतरवून खड्डे भरता आले असते. पण मग सगळं सपाट झालं असतं, आणि सपाट जमीन कंपनीकडे आधीपासून होती.

शुक्रवारी तपासणारी मुलगी दीड तास टेकड्यांवरून धावली. एकदाही पडली नाही. साहेबांनी मामांच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, मामांचं वय आठवून तो त्यांच्यापुढे केला, आणि नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं.

भाचीला मात्र चैन पडेना. टेकड्या जशाच्या तशा होत्या, आणि ती मामाला चांगली ओळखून होती. जेवणाच्या सुट्टीत मामांशेजारी बसून तिने पडद्यावरचा कॅमेरा लेव्हलच्या टोकाच्या उंच कड्यांपलीकडे नेला. खेळणाऱ्याला तिथे जाताच येत नाही. पलीकडे एक अवाढव्य खाण होती, पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेली. एका बाजूने वळणं घेत रस्ता तळापर्यंत उतरत होता.

"हा रस्ता कशाला?"

"मग ट्रक खाली कसे जाणार?"

भाचीने बराच वेळ खाणीकडे पाहिलं. पावसाचं पाणी कुठे जाणार, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तळाशी तिला चर दिसला. तिने कॅमेरा मागे आणला.

तेवढ्यात साहेब आले. पुढच्या लेव्हलला बर्फाचे डोंगर हवे होते, याच्या तिप्पट उंच. मामांनी उंची लिहून घेतली आणि विचारलं, "कड्यांच्या मागे जागा किती मिळेल?"

"मागे कुणीच जात नाही, मामा," साहेब म्हणाले.

"म्हणूनच विचारलं."

साहेबांनी भाचीकडे पाहिलं. भाची पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "लागेल तेवढी देऊ."