न बोलता मिळणारं औषध

माझी धाकटी बहीण बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करते. तिचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण दुकानात तिने तोंड उघडलं की माणसं वळून बघतात. डेपोतले ड्रायव्हर तिला ‘लाउडस्पीकर’ म्हणतात. तिलाही ते मनातून आवडतं.

तिच्या घोषणांच्या खोलीपासून स्वच्छतागृह फलाटांच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. जायचं तर सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोरून जायचं, आणि माइक सोडायचा तर नियंत्रकांना कारण सांगायचं. तिने यातून आपल्यापुरता मार्ग काढला होता. कामावर पाणीच प्यायचं नाही.

व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ सुरू झाली. औषधाच्या दुकानात बोलावं लागणार आणि आवाज ओळखला जाणार, म्हणून तिने एका मोठ्या दुकानात फळीवरची क्रॅनबेरी या लाल परदेशी फळाच्या रसाची बाटली उचलली आणि मुकाट्याने गल्ल्यावर ठेवली. या त्रासावर हा रस चालतो, असं तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. तोही ती घोटभरच घ्यायची. जास्त प्यायला तर पुन्हा जावं लागणार ना.

एका सकाळी तिच्या सुनेचा फोन आला. “मामा, आईंना थंडी वाजून ताप आलाय, पाठ धरलीय, आणि डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकत नाहीत.”

मी गेलो. उशाशी लाल बाटली होती.

“सरबताने ताप उतरतो का गं?”

“उतरेल. तू ऑफिसला जा, दादा.”

तिला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयस्कर. त्यांच्या खोलीला दाराऐवजी पडदा. मी बाहेर बसलो. आत नुसती कुजबुज.

“मोठ्याने सांगा, मला कमी ऐकू येतं.”

पुन्हा कुजबुज.

“अहो, ताप कशाने आलाय ते कळल्याशिवाय औषध काय देऊ?”

मग तिने घसा साफ केला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने एकेक शब्द सुटा करत सांगितलं, “मला लघवी करताना जळजळ होते. मी लघवी दाबून ठेवते.”

समोर बसलेला तिच्याच डेपोतला एक कंडक्टर आपल्या बुटांकडे बघू लागला. मी माझ्या.

“रस वाईट नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “काहींना हा त्रास पुन्हा पुन्हा होतो, तो टाळायला थोडाफार उपयोग होतो. पण झालेला जंतुसंसर्ग त्याने जात नाही, आणि तुमचा आता वर मूत्रपिंडापर्यंत गेलेला दिसतोय. लघवी तपासू. अँटिबायोटिक आजच सुरू करा, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.”

बाहेर आल्यावर तिने विचारलं, “त्याने ऐकलं का रे?”

“कुणी?”

“उगाच खोटं बोलू नकोस. माझा आवाज मला माहीत आहे.”

ताप उतरला. गोळ्या संपवून ती कामावर गेली आणि खोलीचं दार लोटून तिने नियंत्रकांना सांगितलं, की मधूनमधून उठावं लागेल.

“अहो ताई, मग जा की. माइक मी धरतो. एवढं काय त्यात?”

त्यात काय, ते त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांचा फाटका आवाज कर्ण्यातून आला, की ताई कुठे गेल्यात हे अख्ख्या स्थानकाला समजतं. परवा मी गाडीची वाट बघत उभा असताना तो आवाज आला. पाठोपाठ ती मान खाली घालून, कानापर्यंत लाल होऊन, माझ्यासमोरून फलाट ओलांडून गेली. मी वेळापत्रक वाचत असल्यासारखं केलं.