पार्किंगमधला डिले

डिले पेडल या वस्तूची मला आजही शिसारी येते. इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेला सूर क्षणभराने पुन्हा ऐकवणारी, पायाने दाबायची लोखंडी डबी. दुकानदाराने सरळ विचारलं होतं, "घरी वाजवणार की स्टेजवर?" स्टेजसाठी त्याने दोन-तीन बटणांचं साधं पेडल पुढे केलं. मी नाक मुरडलं. मला ते स्क्रीनवालं, सतरा आवाज काढणारं हवं होतं.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दुपारी खोलीचं दार लावून, हेडफोन घालून वाजवायचे. कानात स्वर्ग! बाहेर मात्र नुसत्या तारांची टिकटिक. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या. माझ्या गिटारबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, आणि मला हवं होतं ते त्यांचंच "छान". त्यात दाराबाहेर पॅसेजमध्ये त्यांची वेताची खुर्ची. येता-जाता माझा अंगठा ठेचायचा. वैताग नुसता!

सोसायटीच्या गणपतीत वाजवायचं ठरलं, तेव्हा मीच म्हटलं, "आई, आता स्पीकरवर नीट ऐका." त्या खरंच पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

आमचा गणपती पार्किंगमध्ये. बुटकं छत, सगळीकडे काँक्रीट. साधी टाळी वाजवली तरी घुमते. वर तो साउंडवाला! "इको टाकल्याशिवाय फील नाय येत, मॅडम," म्हणत त्याने स्वतःच्या मशीनचा इको आधीच चढवून ठेवलेला. त्यावर माझी डबी. पहिला सूर वाजवला; तो परत आला, पुन्हा परत आला, खांबावर आपटून आणखी एकदा आला. शी! सुरांचा नुसता चिखल. साडी सावरत, लोकांकडे पाठ करून मी खाली वाकले. पण तो बोटभर स्क्रीन तिथे दिसणार काय, कप्पाळ? अंदाजाने काहीतरी फिरवलं, तर डबी शिट्टीच मारायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "आरती घ्या आता." त्या डबीची, त्या साउंडवाल्याची, अख्ख्या पार्किंगची किळस आली मला.

घरी येऊन गिटार पलंगावर टाकली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय वाजवत होतीस ते?"

"रोजचंच, आई."

"छे! रोजचं मला ठाऊक आहे. ते छान असतं."

"तुम्हाला कुठे ऐकू येतं? माझ्या कानाला तर हेडफोन..."

"तारांचं येतं की. बारीक येतं, पण स्वच्छ. म्हणून तर बाहेर बसते."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलले असते, तर लाजून बंद केलं असतंस."

त्या आपल्या खोलीत गेल्या. मी बाहेर पाहिलं. खुर्ची पुन्हा दाराला अगदी लागून होती. सकाळीच वैतागून मी तिला पायाने पार पॅसेजच्या टोकाला ढकललं होतं.