पुसलेलं बारसं

परवा घरात जुन्या व्हीसीआरचा विषय निघाला, मी ही चूक सांगितली, तर माझी लेक म्हणाली, "बट पपा, बॅकअप नव्हता?" बॅकअप म्हणे! नव्वदच्या सुमाराला दुबईत, देऱ्यातल्या त्या व्हिडिओच्या दुकानात बॅकअप मीच होतो, आणि माझं डोकं कधी ठिकाणावर नसायचं.

वसईहून येऊन मी तिथे कामाला लागलो होतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला शटर अर्धं खाली असायचं, तेव्हा एक सुतार यायचा. रत्नागिरीकडचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, लेबर कॅम्पात राहणारा. तो इथे आल्यावर तिकडे त्याला मुलगी झाली. बारशाची कॅसेट गावाहून आली, पण कॅम्पात व्हीसीआर कुठला? म्हणून ती आमच्याकडेच ठेवलेली. मी लावायचो, तो पाळण्यापर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "मागे घे रे." पुन्हा पाळणा. तासभर हेच. मी वैतागायचो, खोटं कशाला बोलू. लेकीला त्याने बघितलं होतं ते एवढंच.

पिक्चर जुना झाला की त्याच कॅसेटवर आम्ही नवा भरायचो. रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटची मागची खुट्टी मोडलेली असते. त्या भोकावर सेलोटेप चिकटवली की झालं काम. हाताला सवयच लागली होती. एका गुरुवारी गठ्ठ्यात त्याचीही कॅसेट गेली आणि मी टेप चिकटवून, वर नवा पिक्चर भरून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पाळण्याच्या जागी नाचगाणं सुरू झालं. "दादा, माझ्याकडून पुसली गेली," एवढंच कसंबसं बोललो. त्याने शिवीसुद्धा दिली नाही. मी वेड्यासारखा कॅसेट पुढे पळवत राहिलो. पिक्चर संपला आणि त्यापुढे बारशाची शेवटची दहा मिनिटं शिल्लक निघाली. सगळे जेवून उठलेले. त्याची बायको एकटीच पानावर बसलेली, मांडीवर दुपट्यात मूल, बाहेर आलेला एक इवलासा पाय.

"इथपर्यंत मी कधी बघितलंच नव्हतं," तो म्हणाला. "हिच्या पानात भाजी पण उरली नाही बघ."

आमच्या अर्बाबला, म्हणजे मालकाला, तो एक शब्द बोलला असता तर माझी नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास झाले असते. बोलला नाही. आज मी अबूधाबीच्या खलिफा सिटीत बायकोमुलांसोबत राहतोय, त्यात त्या माणसाचा वाटा आहे, आणि हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही याची मला लाज वाटते.

पुढच्या शुक्रवारी तो येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. शटरकडे पाठ करून डबा खात होतो. तो वाकून आत आला, नेहमीच्या स्टुलावर बसला.

"लाव रे," म्हणाला. "आज पोरीच्या आईला नीट बघतो."