ठराव क्रमांक सात आणि अमेरिकेच्या मेंढ्या

चिरंजीव ओजस आणि सई,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, शाळेत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर प्रश्नमंजूषा आहे. कुणालाच ठाऊक नसेल असं काही तुला माहीत आहे का?" माहीत आहे. त्या माहितीमुळेच आपल्या गावच्या दूध संस्थेची हिरवळ दोन दिवसांत नाहीशी झाली. तेव्हा तुमचे आबा शेजारीच बसले होते, म्हणून मी सांगितलं नाही. आज ते गेवराईला गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते.

ते दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. आबा संस्थेचे चेअरमन. गावात हिरवी अशी एकच जागा उरली होती, संस्थेच्या दारासमोरची हिरवळ. दुधाचे कॅन धुतलेलं पाणी आबा तिला घालत आणि तिच्या कडा माझ्या शिवणाच्या कात्रीने कापत. (माझी कात्री बोथट का होते, हे मला फार उशिरा कळलं!)

आणि संस्थेची सभासद होती गयाबाई. तिची म्हैस चारा छावणीत गेली होती, पण छावणीत शेळ्यांना प्रवेश नव्हता. सहा शेळ्या घरी उपाशी.

"येत्या बाजारी इकाव्या लागतेत, बाई," ती मला म्हणाली होती. (मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून सगळ्यांचीच बाई.) "पोरीवानी संभाळल्या. आता खाटकाला देऊ का?"

त्यातच दूध थंड ठेवण्याचं यंत्र मंजूर करायला जिल्ह्याहून एक साहेब यायचे होते. त्याआधी सभेचा ठराव हवा. सभा भरली, कोरम भरेना! अर्धं गाव ऊस तोडायला गेलेलं. नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब झाली. अर्ध्या तासानंतर तीच सभा कोरमशिवाय चालते. (इतका समंजस नियम मी दुसरा पाहिला नाही.) फक्त तोवर आहेत ती माणसं निघून जायला नकोत.

"अगं, काहीतरी सांग त्यांना," आबा कुजबुजले. "बसवून ठेव."

पिशवीत माझं एक इंग्रजी पुस्तक होतं, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या गमतीजमतींचं. मी उभी राहिले.

"एका राष्ट्राध्यक्षांना शाळेचं तोंडही पाहायला मिळालं नव्हतं. त्यांना हिशेब आणि नीट लिहिणं बायकोनं शिकवलं."

"आपल्या चेअरमनसायबावानीच की!" मागून कुणीतरी म्हणालं. आबा खोकले.

"आणखी एकांची बायको राहायला गेली तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा वाडा अर्धवट बांधलेला होता. तिनं धुणं मोठ्या दिवाणखान्यात वाळत घातलं!"

"लई झाक बाई!" बायका खूश. मला चेव चढला.

"एकांची तर दुभती गाय वाड्यासमोरच्या हिरवळीवर चरायची. आणि पुढे महायुद्धात दुसऱ्या एकांनी तिथे मेंढ्या सोडल्या."

गयाबाई सरसावून बसली. "कावून सोडल्या, बाई?"

"गवत कापायला माणसं लागू नयेत म्हणून. शिवाय लोकर विकून जखमींना मदत केली."

"अन् येवढ्या मोठ्या मानसाला लाज न्हाई वाटली?"

"लाज कसली? मोठी माणसं अशीच असतात!" मी बाणेदारपणे म्हणाले. हे माझं त्या दिवशीचं शेवटचं शहाणं वाक्य.

सभा पुन्हा सुरू झाली. आता आबांची एक सवय सांगते. विषय वाचून झाला, की मान वर न करता ते म्हणत, "सर्वानुमते मंजूर!" इतक्या वर्षांत कुणी विरोधच केला नव्हता. यंत्राचा ठराव सहावा. तो झाला आणि आबा साहेबांच्या नाश्त्याची यादी करू लागले. सचिव रंगनाथराव म्हणाले, "आयत्या वेळचे विषय."

गयाबाई उभी राहिली. "दुष्काळ हटंस्तवर सभासदांची शेरडं संस्थेच्या हिरवळीवर चरू द्यावी. अमेरिकेत चालतंय, बाईंनी आत्ता सांगितलं."

"माझं अनुमोदन!" चार बायका एकदम म्हणाल्या.

"सर्वानुमते मंजूर!" आबा म्हणाले आणि यादीत शिरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची जीप आली तेव्हा हिरवळ दिसत नव्हती, नुसत्या शेपट्या दिसत होत्या. सभासद सगळं गाव, त्यामुळे शेळ्याही सगळ्या गावच्या!

"हाकला! हाकला!" आबा धावले.

"हाकलता कशी, चेअरमनसायब?" गयाबाई कमरेवर हात ठेवून उभी. "तुमीच मंजूर केलंय!"

रंगनाथरावांनी निमूटपणे ठरावांचं पुस्तक पुढे केलं. ठराव क्रमांक सात, शाईने, सुवाच्य. घाबरून मी साहेबांना सगळा प्रकार इंग्रजीतून समजावू लागले. साहेब आपल्या शेजारच्याच शिरूर कासारचे. त्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, मराठी येतं का?"

मग मी पुरावा म्हणून मेंढ्यांचं पान उघडलं, पुस्तक कट्ट्यावर ठेवलं आणि चष्मा पुसायला घेतला. चष्मा लावून पाहते तो, गयाबाईची काळी शेळी पुरावा चावत होती!

साहेबांनी ठराव दोनदा वाचला. "कायदेशीर आहे," ते म्हणाले. "रद्द करायचा तर पुन्हा सभा घ्या. कोरम आहे?"

कोरम कुठला! दोन दिवसांत हिरवळ संपली. तिसऱ्या दिवशी आबांनी जमीन उकरली आणि कॅनच्या पाण्यावर तिथे चाऱ्याचा मका पेरला. मका हाती येईपर्यंत गयाबाईच्या शेळ्यांना आमच्या दारच्या कडुलिंबाचा पाला दिला, झाडाखाली उभे राहून वाटायला आबाच. पाऊस येईपर्यंत तिची एकही शेळी बाजाराला गेली नाही. त्या मेंढ्यांच्या राष्ट्राध्यक्षांचं मला कौतुक आहेच. पण ज्याची हिरवळ गेली आणि तरी ज्यानं मका पेरला, त्याचं काकणभर जास्त. (हे त्यांना सांगू नका.)

यंत्र मिळालं, पुढे मोडलं. हिरवळ पुन्हा लागली नाही. माझ्या पुस्तकात ते पान नाही, तेव्हा नावं तुम्हीच शोधा. ठराव क्रमांक सात मात्र कुणी रद्द केलेला नाही. त्यात लिहिलंय, "अमेरिकेची माहिती बाईंनी पुरवली." इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातलं लेखी एवढंच शिल्लक आहे.